कार्बवाली जिप्सी: सुटलेले व्हॅक्यूम पाइप, कुठला कुठे?

निळी_जिप्सी
मंडळी, १९९८ ची जिप्सी किंग घेतली आहे. १३०० सीसी, कार्बोरेटरवाली. आधीच्या मालकाकडे मळ्यावरच उभी असायची. बॉडी बरी आहे, फोर व्हील लागतो, हाय-लो दोन्ही पडतात. दुखणं इंजिनाचं आहे.

थंड असताना चोकवर छान चालू होते. गरम झाली की आयडलिंग वर-खाली होत राहतं आणि सिग्नलला ब्रेक दाबला की बंद पडते. मधूनच कार्बमधून फट् असा आवाज येतो. खंबाटकी चढताना तर तिसरा गिअरसुद्धा झेपत नाही. ॲव्हरेजचं विचारूच नका.

एअर क्लीनरचा डबा काढला तर खाली दोन बारीक पाइप मोकळे लोंबताना दिसले. एकाच्या तोंडात स्क्रू पिळून बसवलाय. तिसरा पारदर्शक आहे, चक्क सलाइनची नळी वाटते. इथल्या गॅरेजवाल्याने दोनदा ट्यूनिंग केलं, आता म्हणतो कार्बच बदला. एवढा खर्च करण्याआधी हे पाइप कुठे जातात ते कळलं तर बरं होईल. गाडी साताऱ्यात आहे.

रानवाट
कार्ब बदलू नका. ब्रेक दाबला की बंद पडते, याचा अर्थ ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) किंवा त्याचा पाइप हवा ओढतोय. फोटो टाका, डबा काढलेल्या अवस्थेतले.

पिंपळपार
सलाइनची नळी! आमच्याकडे एकाने फिश टँकची लावली होती. गरम झाली की पापडासारखी चपटी व्हायची आणि गाडी उतारावर मेलेली. वाचतोय.

आप्पा_गॅरेज
दादा, फोटो येतील तेव्हा येतील, आधी तो स्क्रूड्रायव्हर कार्बपासून लांब ठेवा. हवा चोरी होत असताना एअर स्क्रू फिरवून काही होत नाही. उलट चोरी बंद झाल्यावर फिरवलेलं सगळं परत आणावं लागतं.

इंजिन चालू असताना थ्रॉटलच्या (ॲक्सलरेटरने उघडणाऱ्या पत्र्याच्या) खाली, मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्बकडून सिलिंडरला हवा नेणाऱ्या नळ्यांत, बाहेरच्यापेक्षा दाब बराच कमी असतो. त्या ओढीवर बूस्टर चालतो, डेल्कोचा (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचा) ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी लवकर पाडणं, चालतो, इंजिनातली वाफ परत ओढली जाते. कार्ब पेट्रोल सोडतो ते त्याच्या स्वतःच्या गळ्यातून गेलेल्या हवेच्या हिशोबाने. फुटक्या पाइपातून शिरलेली हवा त्या हिशोबात नाही. मिक्श्चर पातळ होतं, फटफट आवाज त्याचाच. आयडलला इंजिनाला एकूण हवाच थोडी लागते, म्हणून चोरटी हवा तिथे जास्त जाणवते. चोक ओढलेला असतो तोवर मिक्श्चर दाट, दोष झाकला जातो. तुमची गाडी थंड असताना शहाण्यासारखी वागते ती त्यामुळे.

आता पाइप कसे शोधायचे. सगळे जण लोंबतं टोक हातात धरतात आणि त्याला जागा शोधत बसतात. तसं करू नका. जुन्या गाडीत काही टोकं खरंच बेवारस असतात: कुणी एसी काढलेला असतो, त्याच्या आयडल-अपचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा वॉल्व्ह) काढलेला असतो, पाइप तसाच राहिलेला असतो. तुम्ही त्याला घर देता आणि नवीन भानगड होते. सुरुवात मॅनिफोल्डपासून करा. मॅनिफोल्डवर आणि कार्बच्या बुडाशी जेवढे निपल (पाइप चढवायची नळकांडी) आहेत तेवढे बोटाने चाचपून मोजा, मागच्या बाजूचे आरशात बघा. कागदावर कार्बचं चित्र काढा, वाकडंतिकडं चालेल. प्रत्येक निपलपुढे लिहा: पाइप आहे, टोपी आहे, की उघडा आहे. मग एकेका पाइपवरून हात फिरवत दुसऱ्या टोकापर्यंत जा. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, पाइप खालच्या अंगाने फुटतो आणि वरून नवा दिसतो.

तुमच्या गाडीत मोठे दोन: एक बूस्टरचा, जाड भिंतीचा, दुसरा पीसीव्हीचा, इंजिनातली वाफ मॅनिफोल्डला आणणारा. बारक्यांत एक डेल्कोच्या डायफ्रॅमचा (पडद्याचा) नक्की. बाकीचे त्या गाडीवर काय काय बसवलंय त्यावर.

डेल्कोचा पाइप कुठल्या निपलवर, हा प्रश्न येणारच. इंजिन गरम करा, आयडलला ठेवा, निपलवर बोट धरा. एका जातीचा निपल आयडललाच बोट ओढतो, तो सरळ मॅनिफोल्डचा. दुसरा आयडलला गप्प असतो आणि थ्रॉटल जरा उघडला की ओढायला लागतो, कारण त्याचं भोक थ्रॉटलच्या पत्र्याच्या किंचित वर असतं. डेल्कोचा पाइप सहसा या दुसऱ्यावर जातो. मॅनिफोल्डच्या निपलवर लावलात तर आयडललाच ॲडव्हान्स ओढून बसेल, आरपीएम चढेल, मग कुणीतरी थ्रॉटल स्क्रू मागे घेईल आणि गोंधळ वाढेल.

एक गोष्ट मात्र जमत नाहीये. खंबाटकीत तुम्ही पाय पूर्ण दाबून चढत असणार. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळजवळ नसतोच. तेव्हा पाइप सुटलेला असो की नसो, चोरी नगण्य, आणि डेल्कोचा व्हॅक्यूम ॲडव्हान्सही तेव्हा काम करत नाही. म्हणजे घाटातलं रडणं या पाइपांचं नव्हे. ठिणगीचं टायमिंग, पेट्रोलचा फिल्टर, नाहीतर कार्बचा दुसरा बॅरल (जास्त रेसला उघडणारा दुसरा गळा) उघडत नसेल. ते नंतर बघू, पण पाइप लावले की घाटही सुटेल या आशेवर राहू नका.

निळी_जिप्सी
आप्पा, तुम्हाला साष्टांग नमस्कार. रविवारी बसतो कागद-पेन्सिल घेऊन.

फुटका पाइप सापडला नाही तर? म्हणजे फट दिसतच नसेल तर कशी शोधायची?

चहाटळ
अगरबत्ती पेटवा, पाइपांवरून फिरवा. जिथे धूर आत ओढला जाईल तिथे फट. शिवाय गाडीची पूजाही होते.

रानवाट
अहो, उघड्या कार्बशेजारी निखारा? फट् आवाज करणाऱ्या कार्बमधून कधी कधी ज्वाळाही बाहेर येते. हे कृपया कुणी करू नका. कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून आरपीएम बदलतो का बघणं हीसुद्धा जुनी पद्धत आहे, पण तोही गरम एक्झॉस्टवर पडला तर पेटतो. जिप्सीत मॅनिफोल्ड आणि एक्झॉस्ट काही फार लांब नाहीत.

साधं पाणी घ्या, फवाऱ्याच्या बाटलीत. इंजिन आयडलला, जोडांवर आणि पाइपांवर बारीक तुषार. पाणी फटीत शिरलं की क्षणभर फट बुजते आणि आयडलिंग बदलतं. डेल्कोचं कॅप आणि प्लगच्या वायरी तेवढ्या वाचवा.

दुसरं, हातभर रबरी पाइपचा तुकडा एका कानाला लावून दुसरं टोक जोडांवरून फिरवा. सूंऽऽ असा आवाज नेमका येतो. फॅन आणि बेल्टपासून सांभाळून.

आप्पा_गॅरेज
रानवाटने लिहिलंय ते बरोबर. आणि सगळ्यात सोपं म्हणजे चिमटा. पक्कडीच्या दातांना कापड गुंडाळा आणि एकेक पाइप निपलजवळ दाबा. ज्याला दाबल्यावर आयडलिंग सुधारतं, त्या पाइपाच्या पुढे कुठेतरी चोरी आहे. पाइप पुढे जिथे जातो ते यंत्रही फुटकं असू शकतं, विशेषतः बूस्टर. पीसीव्हीला मात्र हा न्याय लावू नका, तिथून थोडी हवा जायचीच असते, दाबल्यावर आरपीएम जरा पडतोच.

व्हॅक्यूम गेज मिळालं तर उत्तमच. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन आयडलला १७ ते २१ इंच पारा दाखवतं. उंचीवर दर १,००० फुटांना साधारण १ इंच वजा. सातारा २,४०० फुटांच्या आसपास, म्हणजे तुम्हाला १५ ते १८ मिळाले तरी इंजिन ठणठणीत. महाबळेश्वरला नेऊन मोजाल तर आणखी २ इंच कमी. नाहीतर लोक मुंबईचा आकडा घेऊन पाचगणीत इंजिन उघडतात. काटा स्थिर पण खाली असेल तर चोरी किंवा मागे सरकलेलं टायमिंग. काटा ठरावीक तालावर झटके देत असेल तर वॉल्व्हकडे बघा, पाइप सोडा.

मस्कतकर
धागा थोडा पळवतो, माफी असावी. इथे ओमानमध्ये माझ्याकडे १९९७ ची पजेरो आहे, ३.५ व्ही६ पेट्रोल, सुपर सिलेक्ट (मित्सुबिशीची फोर व्हील सिस्टिम). शुक्रवारी वाळूत जायच्या आधी ४एच (फोर व्हील, हाय) टाकलं की डॅशवरच्या चित्रातली पुढची दोन चाकं नुसती लुकलुकत राहतात, स्थिर होत नाहीत. वर्कशॉपवाला म्हणतो ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) उघडावी लागेल. याचाही व्हॅक्यूमशी संबंध आहे असं ऐकलं, खरं का?

रानवाट
पूर्ण संबंध आहे. त्या पिढीच्या पजेरोत पुढच्या ॲक्सलमध्ये फ्रीव्हील क्लच आहे. २एच मध्ये (फक्त मागची चाकं) तो सुटलेला असतो, ४एच टाकलं की जोडला जायला हवा. त्याला ढकलणारा हात व्हॅक्यूमचा. इंजिनबेमध्ये दोन सोलेनॉइड वॉल्व्ह आहेत, त्यांच्यापासून दोन पाइप खाली ॲक्सलवरच्या ॲक्च्युएटरला जातात. आतल्या पडद्याच्या एका बाजूला व्हॅक्यूम, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, की दांडा एकीकडे सरकतो. उलट केलं की परत येतो. क्लच जोडला गेला हे सांगणारा स्विच वेगळा. त्याचा निरोप येत नाही तोवर दिवे लुकलुकतात. बदलताना काही सेकंद लुकलुकणं ठीकच आहे, कायमचं नाही.

ट्रान्स्फर केस उघडण्याआधी हे बघा. इंजिन चालू ठेवून सोलेनॉइडला येणारा पाइप काढा, बोट ओढलं जातं का? नसेल तर चोरी वरच आहे, मॅनिफोल्डकडून येणाऱ्या भागात. ओढलं जात असेल तर खाली ॲक्च्युएटरचा पाइप काढून हातपंपाने व्हॅक्यूम द्या. दांडा सरकला पाहिजे आणि पंपाचा काटा तिथेच थांबला पाहिजे. काटा घसरला तर पडदा फाटलाय. दोन्ही ठीक असेल तर मधले पाइप आणि सोलेनॉइड. चावी देऊन ४एच टाकताना सोलेनॉइडचा टिक् आवाज हाताला लागतो.

पाइप काढताना दोघांना वेगवेगळ्या रंगाची टेप लावा. एकमेकांच्या जागी लागले तर सगळं उलटं चालेल.

गाडीवाली_मावशी
इतकं छान चाललंय तर माझाही प्रश्न. आमची जुनी बोलेरो, डिझेल. गेल्या आठवड्यापासून ब्रेकचं पेडल दगड झालंय. उतारावर दोन्ही पाय लावावे लागतात. इंजिन मात्र झकास. पावसात उंदरांनी गवताची गादी करून ठेवली होती बॉनेटखाली. व्हॅक्यूमचा पाइप असू शकतो का? पण मग इंजिन का बंद पडत नाही?

आप्पा_गॅरेज
ताई, आधी गाडी उभी करा. खरंच. पेडल दगड झालेली गाडी उतारावर न्यायची नाही.

तुमच्या डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेवर पेट्रोलसारखा थ्रॉटलचा पत्रा नाही, त्यामुळे बूस्टर ओढेल एवढा व्हॅक्यूम मॅनिफोल्डमध्ये तयारच होत नाही. त्यासाठी अल्टरनेटरच्या मागे वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, तिथून पाइप बूस्टरला जातो. तो पाइप उंदराने तोडला तर बूस्टर मेला, पण इंजिनाला पत्ताही नाही.

बघायचं असं. इंजिन बंद, पेडल पाच-सहा वेळा दाबून सोडा. मग पाय दाबून ठेवूनच इंजिन चालू करा. पेडल पायाखाली जरा खाली गेलं तर बूस्टर जिवंत. हललंच नाही तर पंपाकडचा पाइप काढून बोट धरा. ओढ असेल तर पाइप, त्यातला वन-वे वॉल्व्ह किंवा बूस्टर. नसेल तर पंप. पंपाला ऑइलही जातं, त्याचे पाइप कुरतडलेत का तेही बघून घ्या, नाहीतर ब्रेक नीट होतील आणि इंजिन ऑइलविना जाईल.

गाडीवाली_मावशी
पाइपच निघाला! फायरवॉलजवळ बोटभर तुकडा गायब, कडेला दातांच्या खुणा. गाडी हलवली नाही, मेकॅनिकच नवा पाइप घेऊन घरी आला. उंदरांसाठी डांबरगोळ्या टाकल्यात, शेजारच्या काकू म्हणतात उपयोग नाही.

निळी_जिप्सी
रविवारचा अहवाल. कागदावर चित्र काढलं, निपल मोजले. निघालं ते असं:

बूस्टरचा पाइप बूस्टरच्या टोकाला क्लिपखाली तडकलेला. क्लिप सरकवल्याशिवाय दिसतच नव्हतं. पक्कडीने दाबल्यावर आयडलिंग लगेच शांत झालं, तिथेच कळलं. पीसीव्हीचा वाकडा पाइप वरून काळाभोर, चकचकीत. खाली बोट घातलं तर पोटात आडवी चीर, नख आत जात होतं. वॉल्व्ह काढून हलवला, खडखडला, म्हणजे तो ठीक.

स्क्रू पिळलेला पाइप थेट डेल्कोला जातो. म्हणजे ॲडव्हान्स कुणीतरी बंद करून ठेवलाय. आणि कार्बवरचा डेल्कोचा निपल मोकळाच होता. सलाइनच्या नळीचं एक टोक काढून टाकलेल्या सोलेनॉइडच्या जागी मोकळंच, पण दुसरं टोक मॅनिफोल्डच्या निपलवर. म्हणजे इतकी वर्षं सरळ हवा आत.

दुसरा लोंबता पाइप कुठला ते कळलं नाही. दोन्ही टोकं मोकळी आहेत, क्लिपमध्ये नुसता अडकून बसलाय.

आप्पा_गॅरेज
वा. तो दुसरा बेवारस, काढून पिशवीत ठेवा, लावू नका. सलाइनच्या निपलला रबरी टोपी बसवा, वर छोटी क्लिप. एम-सील नको, पुढच्याला तो निपल लागला तर तोडावा लागेल.

स्क्रू का पिळला असेल ते सांगतो. डेल्कोचा पडदा फाटला असेल तर त्यातूनही थोडी हवा जाते, कुणीतरी शॉर्टकट मारला. आधी पडदा तपासा. डेल्कोचं कॅप काढा, पाइपचं टोक स्वच्छ पुसून तोंडाने ओढा. आतली प्लेट सरकलेली दिसली पाहिजे. आता जिभेने तोंड बंद धरा. प्लेट तिथेच थांबली तर पडदा चांगला, हळूहळू परत आली तर गेला.

बूस्टरचा पाइप आणताना व्हॅक्यूमचाच मागा. हीटरचा पाणी-पाइप त्याच मापाचा मिळतो, दुकानदार तोच देतो. आतून ओढ लागली की तो पिचकतो. जुन्या पाइपात वन-वे वॉल्व्ह आहे तो काढून फुंकून बघा: बूस्टरच्या बाजूने फुंकलं तर हवा गेली पाहिजे, इंजिनाच्या बाजूने फुंकलं तर अडली पाहिजे. उलटा बसवला तर बूस्टरची मदतच मिळणार नाही, पेडल दगड होईल. त्यामुळे काम झाल्यावर पेडलची परीक्षा, वर ताईंना सांगितली तीच, मैदानात घ्या आणि मगच रस्त्यावर.

चहाटळ
सगळीकडे निळा सिलिकॉनचा पाइप टाकून द्या, दिसायलाही झकास आणि कडक पण होत नाही.

रानवाट
डेल्कोच्या बारक्या पाइपाला ठीक. पीसीव्हीला नको, तिथे ऑइलची वाफ असते, साधा सिलिकॉन ऑइल आणि पेट्रोलने फुगून मऊ पडतो. तिथे ऑइल सोसणारं नायट्राइल रबर. बूस्टरला बारीक भिंतीचा शोभेचा सिलिकॉन तर अजिबात नाही. निळा रंग हवाच असेल तर बॉडीला आहे की.

मस्कतकर
इकडचा निकाल. पाइप वरच गेला होता, सोलेनॉइडच्या निपलवर. उन्हाने टोक फुलून सैल पडलेलं, हात लावला तसा गळून आला. तूर्त सेंटीमीटरभर कापून ताज्या भागावर बसवला. ४एच टाकलं, दिवे जरा लुकलुकले आणि स्थिर. ट्रान्स्फर केस उघडली नाही. सगळे पाइप बदलायला घेतले आहेत, बाकीचे वाकवले तरी तडकतात.

निळी_जिप्सी
पडदा चांगला निघाला. जिभेने धरल्यावर प्लेट जागेवर थांबली, तोंडात रबराची चव दिवसभर. डेल्कोचा पाइप नवा, थ्रॉटलच्या वरच्या निपलवर, बोट लावून खात्री करून. बूस्टर, पीसीव्ही नवे, सलाइनच्या जागी टोपी. काल गेज लावलं: १६, काटा हलत नाही. ब्रेक दाबला तर आरपीएम पडतच नाही. पेडलची परीक्षाही पास.

पण आप्पा म्हणाले तसंच झालं, घाटात जरा बरी, तरी तिसऱ्यात धापा टाकतेच.

आप्पा_गॅरेज
१६ म्हणजे तुमच्या उंचीला छान. आता टायमिंग लाइट लावा. डेल्कोचा पाइप काढून त्याचं टोक बुजवा, इंजिन गरम, आयडल मॅन्युअलच्या आकड्यावर, आणि पुलीची खूण बघा. ट्यूनिंग करणाऱ्याने चोरटी हवा असताना डेल्को फिरवून आयडल जमवलेलं असणार, त्यामुळे टायमिंग मागे असण्याची दाट शक्यता. मग हाताने रेस देत खूण बघा. आरपीएम वाढेल तशी ती पुढे सरकायला हवी, ते डेल्कोतल्या वजनांचं काम. पाइपाशी त्याचा संबंध नाही. सरकली नाही तर वजनं गंजून धरलीत. मळ्यावर उभ्या गाडीत हे हमखास सापडतं.

निळी_जिप्सी
खूण चांगलीच मागे होती. डेल्को ढिला करून आकड्यावर आणला. रेस दिल्यावर खूण पुढे जाते, पण अडखळत, आणि रेस सोडल्यावर लगेच परत येत नाही. म्हणजे वजनं?

आप्पा_गॅरेज
वजनंच. डेल्को बाहेर काढायच्या आधी रोटर कुठे तोंड करून आहे त्याची खूण बॉडीवर मारा. प्लेट उचलून वजनांच्या पिना साफ करा, थेंबभर ऑइल, ग्रीस नको, आणि दोन्ही स्प्रिंग ताणलेल्या नाहीत ना ते बघा. आत बाकी कुठे थेंबही पडता कामा नये. पेट्रोलचा फिल्टर त्याच दिवशी बदलून टाका. खंबाटकीचं काय झालं ते इथेच लिहा.